पाण्यातले युरेनियम : अहवालातला आकडा काय सांगतो?

पंजाबच्या दक्षिणेकडील भटिंडा, फरीदकोट, मानसा, मुक्तसर हे जिल्हे ज्या पट्ट्यात येतात त्याला तिथले लोक मालवा म्हणतात. मध्य प्रदेशातला माळवा वेगळा. कापूस आणि गव्हाचा हा सधन मुलूख गेली अनेक वर्षे कर्करोगाच्या बातम्यांमुळे चर्चेत आहे. इथून रुग्णांना घेऊन राजस्थानातल्या बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोकांनी ‘कॅन्सर ट्रेन’ असे नावच पाडले.

याच पट्ट्यातल्या फरीदकोट शहरात विशेष मुलांसाठी चालणारे एक केंद्र आहे. तिथल्या मुलांच्या केसांचे नमुने जड धातूंच्या तपासणीसाठी जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत पाठवण्यात आले होते. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले आणि एकच खळबळ उडाली. अनेक मुलांच्या केसांत युरेनियम सापडले होते.

युरेनियम म्हटले की आपल्याला अणुबॉम्ब आणि अणुभट्टी आठवते. ते मुलांच्या केसांत कसे आले? तीन संशयित पुढे आले. पहिला संशय भटिंड्याच्या परिसरातील औष्णिक वीज केंद्रांच्या राखेवर होता, कारण कोळशात थोडे युरेनियम असतेच. दुसरा इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत वापरल्या गेलेल्या युरेनियमयुक्त दारूगोळ्यावर. ती धूळ वाऱ्याने इथवर आली असावी, असे म्हटले जाऊ लागले. तिसरा संशय पायाखालच्या पाण्यावर होता, आणि त्याकडे सर्वांत कमी लोकांचे लक्ष होते. मुलांचे अपंगत्व, मोठ्यांचा कर्करोग आणि केसांतले युरेनियम या तिन्ही गोष्टी लोकांच्या मनात एकमेकींना जोडल्या गेल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पाण्याचे नमुने मोठ्या संख्येने भाभा अणुसंशोधन केंद्राकडे तपासणीसाठी गेले.

पुढे जे उलगडले ते मोजमापामुळे. पाण्यातले इतके सूक्ष्म प्रमाण मोजतात कसे, त्या आकड्याचा अर्थ काय आणि तो आरोग्याबद्दल काय सांगतो व काय सांगत नाही, हे समजून घेणे बोअरवेलचे पाणी पिणाऱ्या कोणालाही उपयोगाचे आहे.

दगडातून पाण्यात

युरेनियम हा दुर्मिळ धातू नाही. जवळपास प्रत्येक खडकात तो थोडाफार असतो. ग्रॅनाइटसारख्या खडकात दर टनामागे साधारण तीन-चार ग्रॅम, तर महाराष्ट्राचा मोठा भाग ज्याने व्यापला आहे त्या काळ्या बेसाल्टमध्ये सहसा एक ग्रॅमपेक्षाही कमी. पंजाबची माती म्हणजे हिमालयातून नद्यांनी वाहून आणलेला गाळ. त्यात ग्रॅनाइटचा चुरा भरपूर आहे.

पण खडकात युरेनियम आहे म्हणून ते पाण्यात उतरेलच असे नाही. त्यासाठी पाण्याची रसायनेही तशी असावी लागतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल आणि बायकार्बोनेटचे प्रमाण जास्त असेल, तर युरेनियम कार्बोनेटशी बांधले जाते आणि सहज विरघळते. मालव्यातले भूजल खारट, जड आणि बायकार्बोनेटने भरलेले आहे. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे क्षार साचत जातात. शेतातून झिरपणारे नायट्रेटही युरेनियमला विरघळलेल्या रूपात ठेवायला मदत करते. उपसा वाढला, पातळी खाली गेली की पाणी आणखी खोल थरांतून येऊ लागते. म्हणजे मूळ खनिज निसर्गाचे असले, तरी ते पाण्यात किती उतरेल यात माणसाच्या शेतीचा आणि पाणीउपशाचा हातभार असू शकतो.

अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातील संशोधकांनी १९९०च्या दशकातच भटिंडा परिसरातल्या पाण्यात जास्त युरेनियम असल्याची नोंद केली होती. म्हणजे केसांचे अहवाल येण्याच्या कितीतरी आधी. ती माहिती शोधनिबंधांत राहिली, गावच्या हातपंपापर्यंत पोहोचली नाही.

वजन की विघटन?

पाण्यातला किरणोत्सारी पदार्थ दोन प्रकारे मोजता येतो, आणि सगळा गोंधळ बहुधा इथेच सुरू होतो. एक, त्याचे वजन किती आहे. दोन, त्याचे किती अणू दर सेकंदाला फुटत आहेत.

वजन मायक्रोग्रॅममध्ये सांगतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जेवणाच्या मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. तेव्हा लिटरभर पाण्यात ३० मायक्रोग्रॅम युरेनियम म्हणजे मिठाच्या अर्ध्या कणाइतके. अहवालात हेच प्रमाण कधी ‘पीपीबी’ म्हणजे अब्जातले भाग असे लिहिलेले असते. पाण्याच्या बाबतीत दोन्ही आकडे एकच समजावेत. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅममध्ये लिहितात. तिथे ३० मायक्रोग्रॅमचे ०.०३ मिलिग्रॅम होतात. एकक न पाहता नुसता आकडा वाचला तर हजारपटीची चूक होऊ शकते.

विघटन बेकरेलमध्ये सांगतात. सेकंदाला एक अणू फुटला तर तो एक बेकरेल. हे एकक ऐकून घाबरण्याचे कारण नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियममुळेच सुमारे ४,००० बेकरेल किरणोत्सर्ग सतत चालू असतो.

आता या दोन मापांचे नाते पाहू. ३० मायक्रोग्रॅम युरेनियममध्ये साधारण साडेसात कोटी अब्ज अणू असतात. इतक्या प्रचंड गर्दीतला सेकंदाला सरासरी एक अणूसुद्धा फुटत नाही. नैसर्गिक युरेनियमसाठी हा आकडा ०.७५ बेकरेलच्या आसपास येतो. कारण युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य जवळपास साडेचार अब्ज वर्षांचे आहे. तो अतिशय मंद गतीने फुटतो. म्हणून युरेनियमचे वजन मोजणे किंवा अणू मोजणे सोयीचे.

याच्या उलट पोलोनियम-२१० घ्या. युरेनियमच्याच कुळातला हा वंशज, अर्धायुष्य १३८ दिवसांचे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली त्याची पातळी लिटरला ०.१ बेकरेल. तेवढ्या पाण्यात त्याचे अणू असतात फक्त सतरा लाखांच्या घरात. कोणताही तराजू त्यांना पकडू शकत नाही. पण ते भराभर फुटतात, म्हणून त्यांची चाहूल फुटण्यावरूनच लागते. थोडक्यात, दीर्घायुषी मूलद्रव्य असेल तर त्याचे अणू मोजावेत आणि अल्पायुषी असेल तर त्याचे फुटणे मोजावे. कोणती पद्धत वापरली हे कळल्याशिवाय ‘पाणी किरणोत्सारी आहे’ या वाक्याला अर्थ नाही.

काम बाटलीपासून सुरू

रक्ताचा नमुना चुकीच्या नळीत घेतला तर पुढचे महागडे यंत्रही चुकीचेच उत्तर देते. पाण्याचेही तसेच आहे. पंप सुरू केल्यावर पहिले पाणी पाइपात साचलेले असते. ते काही मिनिटे वाहू द्यावे लागते, म्हणजे जमिनीतले ताजे पाणी येते. बाटली प्लास्टिकची, स्वच्छ, त्याच पाण्याने विसळलेली हवी. विरघळलेले युरेनियम मोजायचे असेल तर पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळतात, नाहीतर गाळातल्या कणांचे युरेनियमही मोजले जाते. मग त्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब टाकतात. तसे न केल्यास काही दिवसांत युरेनियमचा काही भाग बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि प्रयोगशाळेत पाणी खरे होते त्यापेक्षा चांगले ठरते.

रेडॉन मोजायचा असेल तर पद्धत वेगळी. तो वायू आहे. बाटली काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरून घट्ट बंद करावी लागते, आणि लवकर मोजावी लागते, कारण ३.८ दिवसांत तो निम्मा होतो. आठवडाभर गाडीत फिरलेल्या बाटलीतून रेडॉनचा आकडा काढणे म्हणजे वितळलेल्या बर्फाचे वजन करण्यासारखे.

चांगली प्रयोगशाळा प्रत्येक खेपेसोबत आणखी काही बाटल्या तपासते. एक शुद्ध पाण्याची, म्हणजे बाटलीतून किंवा आम्लातून काही मिसळत नाही ना ते कळते. एक माहीत असलेले प्रमाण मुद्दाम मिसळलेली. आणि एकाच विहिरीच्या दोन बाटल्या, वेगवेगळ्या क्रमांकांनी. या तिन्हींची उत्तरे जुळली, तरच बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा.

हिरवा उजेड, अणूंची मोजदाद

भारतात भूजलातले युरेनियम मोजण्यासाठी सर्वांत जास्त वापरले गेलेले साधन म्हणजे फ्लुओरिमीटर. पाण्यातल्या युरेनियमवर अतिनील प्रकाश टाकला की ते हिरवट चमकते. पूर्वी यासाठी लेझर वापरत, नंतर एलईडीवर चालणारी, गाडीत घालून गावोगावी नेता येतील अशी यंत्रे आपल्याकडेच तयार झाली. पाण्यात फॉस्फेटयुक्त रसायन घालून ही चमक वाढवतात. लिटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपासचे युरेनियमही यात दिसते. देशभरातल्या विद्यापीठांना सोबत घेऊन अणुऊर्जा विभागाने भूजलातील युरेनियमचा जो नकाशा तयार करण्याचे काम हाती घेतले, त्यात याच पद्धतीचा मोठा वापर झाला.

पण पाण्यात लोह किंवा सेंद्रिय पदार्थ जास्त असतील तर ते ही चमक दाबून टाकतात. म्हणून हुशार तंत्रज्ञ त्याच पाण्यात थोडे ठाऊक प्रमाणातले युरेनियम टाकून चमक किती वाढते ते पाहतो आणि त्यावरून मूळ प्रमाण काढतो. पाण्याचा दाबण्याचा गुण दोन्ही वेळा सारखाच लागू होतो, त्यामुळे चूक निघून जाते.

दुसरी पद्धत थेट अणू मोजण्याची. पाण्याचा फवारा हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मा ज्योतीत सोडतात. अणूंवर विद्युतभार येतो आणि त्यांच्या वस्तुमानाप्रमाणे ते वेगळे होऊन मोजले जातात. या यंत्राला ‘आयसीपी-एमएस’ म्हणतात. महाग आहे, पण त्याला युरेनियमचे प्रमाण तर कळतेच, शिवाय २३८ वजनाचे अणू किती आणि २३५ वजनाचे किती हेही सांगता येते.

तिसरी पद्धत विघटनाची. पाणी आटवून उरलेल्या क्षारांचा पातळ थर धातूच्या चकतीवर पसरतात आणि त्यातून बाहेर पडणारे अल्फा कण मोजतात. समजा लिटरला ०.७५ बेकरेल असलेले १०० मिलिलिटर पाणी घेतले. तासाला २७० अणू फुटतील. यंत्राने त्यातले पाव भाग टिपले, तर तासाला ६७ टिपा. अशा मोजणीत अनिश्चितता साधारण टिपांच्या वर्गमुळाइतकी असते, म्हणजे इथे आठ. सुमारे बारा टक्के फरक पडू शकतो. दहा तास मोजले तर ६७० टिपा आणि फरक चार टक्क्यांच्या आसपास. घाई केली की आकडा डळमळीत होतो.

मालव्यासारख्या खारट पाण्यात आणखी एक अडचण आहे. अल्फा कण कागदानेही अडतो. चकतीवर क्षारांचा थर जाड झाला तर खालचे कण वर येतच नाहीत आणि किरणोत्सर्ग कमी दिसतो. म्हणजे ज्या पाण्याची सर्वांत जास्त काळजी करायला हवी, तेच पाणी या चाचणीत चुकीने बरे दिसण्याचा धोका असतो.

संशयितांची ओळखपरेड

तीन संशयितांपैकी खरा कोण, हे ठरवायला समस्थानिकांचा उपयोग झाला. निसर्गातल्या युरेनियममध्ये २३५ वजनाच्या अणूंचे प्रमाण ०.७२ टक्के असते. जगात कुठेही गेलात तरी जवळपास हेच. दारूगोळ्यात वापरतात ते युरेनियम इंधनासाठी २३५ काढून घेतल्यावर उरलेले असते. त्यात हे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास राहते. रंगावरून, चवीवरून किंवा चमकण्यावरून दोन्हींत फरक कळत नाही. अणू मोजल्यावर मात्र लगेच कळतो.

पंजाबच्या भूजलातल्या युरेनियमचे प्रमाण तपासले गेले, तेव्हा ते नैसर्गिक युरेनियमशी जुळले. युद्धाच्या धुळीचा सिद्धांत तिथेच संपला. २३४ आणि २३८ या समस्थानिकांमधले नातेही खडकातून पाण्यात झिरपलेल्या युरेनियमसारखेच दिसले. राखेकडे दाखवलेल्या बोटालाही मोजमापांनी आधार दिला नाही.

हा फरक केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. दोष राखेचा ठरला असता, तर उपाय वीज केंद्रावर करावा लागला असता आणि लोकांनी तेच पाणी पीत राहिले असते. उगम भूजलात आहे हे कळल्यावर उपायाची जागा बदलली. पिण्याच्या पाण्याचा स्रोत बदलणे किंवा ते शुद्ध करणे, हा मार्ग उरला. पंजाबात गावोगावी आरओ यंत्रे बसवण्यामागे हेही एक कारण होते.

३० की ६०?

आता आकडा हाती आला. समजा ४५ मायक्रोग्रॅम. हे पाणी प्यायचे की नाही?

बरीच वर्षे भारतात याची दोन उत्तरे होती. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा लिटरला ६० मायक्रोग्रॅम होती, तर जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी ३०. एका हिशोबाने पाणी उत्तीर्ण, दुसऱ्याने नापास. गावकऱ्यांना यात लपवाछपवी दिसली तर नवल नाही. खरे कारण असे की दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारले होते. ६० ची मर्यादा किरणोत्सर्गाच्या धोक्यावरून काढलेली होती. ३० ची पातळी युरेनियम या जड धातूच्या मूत्रपिंडावरील रासायनिक परिणामावरून काढलेली आहे.

युरेनियमच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. केवळ किरणोत्सर्ग पाहिला तर जागतिक आरोग्य संघटनेने युरेनियम-२३८ साठी सुचवलेली पातळी लिटरला १० बेकरेल आहे, म्हणजे जवळपास ८०० मायक्रोग्रॅम. तिथपर्यंत पोहोचण्याच्या खूप आधी मूत्रपिंडाचा प्रश्न उभा राहतो. लिटरला ३० मायक्रोग्रॅम असलेले पाणी रोज दोन लिटर प्यायले, तर वर्षाला मिळणारा किरणोत्सर्गाचा डोस ०.०३ मिलिसिव्हर्टच्या आसपास येतो. निसर्गातून जगभरातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्याच्या तुलनेत हा साधारण एक टक्का.

मर्यादा दगडावरची रेघ नाही, हेही लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेची पातळी १९९८ मध्ये २ मायक्रोग्रॅम होती, २००४ मध्ये १५ झाली आणि २०११ मध्ये ३०. माणसांवरचे अभ्यास हाती येत गेले तसा आकडा बदलला, आणि आजही ही पातळी ‘तात्पुरती’ म्हणूनच दिलेली आहे. जर्मनीने मात्र लहान मुलांचा विचार करून १० चीच मर्यादा ठेवली. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्याच्या मानकात आता ०.०३ मिलिग्रॅम म्हणजे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आहे. त्यामुळे आपल्यापुरता हिशोब स्पष्ट झाला: ४५ चे पाणी पिण्यासाठी योग्य नाही. पण ते काल प्यायल्याने आज आजार होणार नाही. ३१ ला विष आणि २९ ला अमृत असा हा प्रकार नाही. मर्यादा ठरवताना आयुष्यभर रोज पिण्याचा विचार केलेला असतो.

शरीरात काय होते?

प्यायलेल्या युरेनियमपैकी बहुतेक शौचावाटे तसेच निघून जाते. रक्तात शोषला जातो तो साधारण एक-दोन टक्के भाग. त्यातलाही मोठा हिस्सा काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेला मूत्रपिंडात आणि हाडांत राहतो. मूत्रपिंडाच्या गाळण्या गाळतात आणि पुढच्या सूक्ष्म नलिका उपयोगी पदार्थ परत शोषून घेतात. युरेनियमचा त्रास होतो तो या नलिकांना.

यावरचा सर्वांत उपयुक्त अभ्यास फिनलंडमधला आहे. तिथेही घराघरांत ग्रॅनाइट खडकातल्या बोअरवेल आहेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३२५ जणांची तपासणी झाली. त्यांच्या पाण्यातल्या युरेनियमचा मध्यक २८ मायक्रोग्रॅम होता, तर एका ठिकाणी तो १,९२० पर्यंत गेला होता. युरेनियम वाढले तसे लघवीतून कॅल्शियम जाण्याचे प्रमाण थोडे वाढलेले दिसले. पण मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता कमी झाल्याचे आढळले नाही. त्याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासातही मूत्रपिंडाच्या पेशींना स्पष्ट इजा दिसली नाही. म्हणजे परिणाम सूक्ष्म आहेत, पण ते दीर्घकाळाचे असल्याने दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा आधीच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि वजनाच्या मानाने जास्त पाणी पोटात जाणाऱ्या तान्ह्या मुलांच्या पालकांनी जास्त सावध राहावे.

कर्करोगाचे काय? पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियममुळे कर्करोग होतो असा ठोस पुरावा आतापर्यंतच्या अभ्यासांत मिळालेला नाही. मालव्यातल्या कर्करोगाची कारणे शोधताना कीटकनाशके, तंबाखू, दारू, उशिरा होणारे निदान, पाण्यातले इतर घटक अशा अनेक गोष्टी पाहाव्या लागतात. सगळा दोष एका धातूवर टाकला की बाकीच्यांचा शोध थांबतो, हा त्यातला मोठा तोटा. मुलांमधल्या मेंदूच्या विकारांशी युरेनियमचा कार्यकारण संबंधही सिद्ध झालेला नाही. केसांत एखादा धातू सापडणे आणि त्याने आजार होणे, यात मोठे अंतर आहे.

केसांच्या तपासणीची स्वतःचीही मर्यादा आहे. ज्या पाण्याने आंघोळ केली त्यातले युरेनियम केसांना बाहेरून चिकटते. शरीरातून आलेले किती आणि बाहेरून लागलेले किती, हे वेगळे करणे अवघड. संपर्क किती झाला हे पाहायचे असेल तर लघवीची तपासणी जास्त भरवशाची. रक्तातले क्रिएटिनिन मात्र उशिरा वाढते. ते नॉर्मल आले म्हणून नलिकांना काहीच झाले नाही असे म्हणता येत नाही. अर्थात, सर्वांत सोपी आणि उपयोगी तपासणी माणसाची नसून पाण्याची आहे.

अहवाल हाती आल्यावर

केंद्रीय भूजल मंडळाने २०१९ मध्ये देशभरातून चौदा हजारांहून अधिक नमुने गोळा करून तपासले. बहुसंख्य ठिकाणचे पाणी ३० च्या आत होते. मर्यादा ओलांडणाऱ्यांमध्ये पंजाब आणि हरियाणा आघाडीवर होते. महाराष्ट्राच्या बेसाल्टच्या प्रदेशात युरेनियमची चिंता तुलनेने कमी. मात्र पूर्व विदर्भात आणि दक्षिण कोकणाच्या काही भागांत जुने ग्रॅनाइट व नाइस खडक आहेत. तिथल्या खोल बोअरवेलचे पाणी एकदा तरी तपासून घेणे शहाणपणाचे.

तपासणी करताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत फ्लोराइड, नायट्रेट, क्षार, जंतू पाहतात. युरेनियम त्यात असेलच असे नाही. ते वेगळे सांगून तपासून घ्यावे लागते, शक्यतो एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून.

अहवालात एकक, पद्धत आणि त्या पद्धतीची किमान मोजता येण्याजोगी पातळी लिहिलेली आहे का ते पाहावे. ‘आढळले नाही’ याचा अर्थ शून्य असा होत नाही. ज्या यंत्राची किमान पातळीच ५० मायक्रोग्रॅम आहे, त्याला ४० मायक्रोग्रॅमचे पाणीही ‘आढळले नाही’ असेच दिसेल. आकड्यापुढे अनिश्चितता लिहिलेली असेल, उदाहरणार्थ ३२ अधिक-उणे ४, तर तो अहवाल प्रामाणिक समजावा. असा निकाल मर्यादेजवळचा असल्याने घाबरून न जाता पुन्हा तपासणी करावी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर.

पाणी उकळल्याने युरेनियम जात नाही. उलट वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. जंतूंसाठी उकळणे चांगले, धातूंसाठी निरुपयोगी. कँडल फिल्टर आणि नुसता यूव्हीचा शुद्धकही इथे कामाचा नाही. आरओ यंत्र बहुतेक युरेनियम काढते, पण पडदा जुना झाला की काढणे कमी होते. म्हणून यंत्रातून आलेले पाणी अधूनमधून तपासावे. आरओतून टाकाऊ म्हणून निघणाऱ्या पाण्यात तेच युरेनियम जास्त प्रमाणात असते, ते स्वयंपाकाला वापरू नये. आंघोळ आणि कपडे धुण्यासाठी बोअरवेलचे पाणी चालते, कारण युरेनियम त्वचेतून फारसे आत जात नाही. जवळ पावसाचे साठवलेले किंवा धरणाचे पाणी मिळत असेल, तर पिण्यासाठी ते घेणे सर्वांत स्वस्त.

डॉक्टरांकडे जाताना पाण्याचा अहवाल सोबत न्यावा. मूत्रपिंडाच्या जुन्या विकाराचे कारण शोधताना ‘पाणी कुठले पिता’ हा प्रश्न विचारला जायला हवा. आणि गावाच्या पातळीवर एकेका घराने आरओ बसवण्यापेक्षा सगळ्या स्रोतांची एकदा तपासणी करून निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणे जास्त उपयोगी. एकाच गावात दोन बोअरवेलच्या आकड्यांत कित्येक पटींचा फरक असू शकतो. सुरक्षित पाणी कधीकधी शंभर पावलांवर असते, आणि ते तिथे आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही.